बॅटरी निर्दोष होती! (मोठ्या गाड्यांच्या इलेक्ट्रिकल तक्रारींचा एक अभ्यास)

"अरे, तू इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग एवढं सांग, माझी गाडी सकाळी चालू का होत नाही?"

मित्रांनो, शेवटच्या वर्षाला येईपर्यंत आपण नेटवर्क, मशिन्स, पॉवर सिस्टिम असे बरेच पेपर काढलेले असतात. काही पहिल्या झटक्यात, काही दुसऱ्या. पण दिवाळीच्या सुट्टीत मामांनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बॅटरी बघून घ्या, मामा."

मामा हसले. "दोनदा बदलली. डायनमो पण नवा टाकला. आता काय बदलू, ड्रायव्हर?"

मामा राहाता तालुक्यातले. त्यांच्याकडे सात-आठ जण बसतील अशी मोठी डिझेल गाडी आहे, जुनी घेतलेली, हप्त्यावरची. शिर्डीला आलेल्या भक्तांना शिंगणापूर, नाशिक, पुणे अशा ट्रिपा मारायच्या आणि महिन्याच्या शेवटी हप्ता भरायचा, हा त्यांचा व्यवसाय. पहाटेच्या ट्रिपेला गाडी चालू झाली नाही तर भक्त दुसऱ्या गाडीत बसून निघून जातात, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हा प्रश्न व्हायव्हातल्या प्रश्नासारखा "येत नाही सर" म्हणून सोडता येण्यासारखा नव्हता. त्यातून मी जे शिकलो ते सर्वांच्या उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख.

तक्रारींची यादी

मी वही काढली आणि मामांना सगळ्या तक्रारी सांगायला लावल्या. त्या अशा:

१. सकाळी सेल्फ मारला की इंजिन कुंथत कुंथत फिरतं, कधी नुसता 'टक' असा आवाज येतो.
२. सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे गणपतीच्या आरासीसारखे लुकलुकतात. एबीएसचा दिवा तर कधी कधी नंतरही तसाच राहतो.
३. टेपचं घड्याळ आपोआप शून्यावर जातं.
४. गाडी बंद असताना हेडलाइट लावून इंडिकेटर दिला की हेडलाइट पण त्याच तालावर मंद होतो.
५. हेडलाइटचा फ्यूज अधूनमधून उडतो.

मोठ्या गाड्यांच्या मालकांकडे चौकशी केली तर थोड्याफार फरकाने हीच यादी कुठेही ऐकायला मिळते. पाच तक्रारी म्हणजे पाच बिघाड असं समजून पाच पार्ट बदलले जातात, आणि तक्रार तशीच राहते.

पाचव्या तक्रारीमागे एक प्रसंग होता, तो मामींनी सांगितला. श्रावणात पुण्याहून परत येताना चंदनापुरी घाटात रात्री दोन्ही हेडलाइट एकदम गेले. गाडीत सहा प्रवासी, त्यात दोन लहान मुलं. मागून ट्रक. मामांनी पार्किंग लाइटच्या उजेडात कशीबशी गाडी कडेला घेतली. एका भल्या माणसाने मदत म्हणून फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे चार-पाच पदर पिळून बसवले. दिवे लागले, सगळे सुखरूप घरी आले. पण ती तार अजून तशीच होती! मामा म्हणाले, "तेव्हापासून फ्यूज उडाला नाही बघ." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. का, ते पुढे सांगतो.

सरांचा एकच प्रश्न

मी आमच्या मशिन्सच्या सरांना फोन केला आणि धडाधड सगळी लक्षणं सांगितली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधीपासून?"

हे मी विचारलंच नव्हतं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "आषाढात पुढून ठोकली होती थोडी. डेंटिंग-पेंटिंग केलं. त्याच्या आधी गाडी फर्स्ट क्लास होती की."

सर म्हणाले, "मग पेंटिंगच्या वेळी काय काय सोडलं आणि परत जोडलं, ते शोध. आणि एक लक्षात ठेव, तिथे ओहम मोजू नकोस. व्होल्ट मोज. तेही सेल्फ चालू असताना."

ओहम का मोजायचे नाहीत? इथे आपण सगळे फसतो, म्हणून थोडं गणित करू.

गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला आणि इंजिनला जोडलेलं असतं. प्रत्येक दिव्याला, मोटरला पॉझिटिव्ह तार वेगळी जाते, पण परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. त्यालाच गॅरेजमध्ये 'अर्थ' किंवा 'बॉडी' म्हणतात. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फची मोटर सहज २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट घेते. आता परतीच्या रस्त्यात एखाद्या नटबोल्टपाशी फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स आला असं समजा. व्होल्टेज ड्रॉप किती?

२०० × ०.०१ = २ व्होल्ट.

बारातले दोन गेले! आणि हा ०.०१ ओहम आपल्या साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो. कंटिन्युइटीवर ठेवलं तर बझर खणखणीत वाजतो आणि आपण "वायर ओके" म्हणून मोकळे होतो. मल्टिमीटर करंट न वाहणारी तार बघतो. त्रास मात्र करंट वाहताना होतो. बझर वाजला म्हणजे तार जोडलेली आहे एवढंच कळतं, ती भार पेलते की नाही ते कळत नाही.

घरातल्या २३० व्होल्टवर एखादा व्होल्ट वाटेत गेला तर पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टवर एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के. शिवाय तेवढ्याच पॉवरसाठी १२ व्होल्टवर करंट जवळजवळ वीसपट लागतो. म्हणून गाडीत सांधा महत्त्वाचा.

मोजमाप

लॅबमधल्या असिस्टंट काकांचा मीटर मी सुट्टीत हक्काने मागून आणला होता (परत दिला आहे, काका!). गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेलचा सप्लाय बंद केला, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हातातलं कडं आणि घड्याळ काढून ठेवायला त्यांनीच सांगितलं. बॅटरीच्या टोकांवर धातू आडवा आला तर तो क्षणात लाल होतो. मग मामांनी पाच-पाच सेकंद सेल्फ मारायचा, मध्ये थांबायचं, आणि मी आकडे लिहायचे.

गाडी बंद, बॅटरीवर: १२.५ व्होल्ट. (पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी.)

सेल्फ चालू असताना:
बॅटरीच्या दोन टोकांमध्ये: १०.६ व्होल्ट
बॅटरी पॉझिटिव्ह ते सेल्फचं टर्मिनल: ०.३ व्होल्ट
सेल्फचं टर्मिनल ते इंजिन ब्लॉक: ८.४ व्होल्ट
इंजिन ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह: १.९ व्होल्ट

बेरीज करून बघा: ०.३ + ८.४ + १.९ = १०.६. फर्स्ट इयरला ज्याचं नाव आपण घाबरत घाबरत लिहितो तो किरचॉफ तिथे ग्रीसच्या वासात उभा होता. खरं सांगतो, मला तेव्हा पहिल्यांदा तो माणूस आवडला.

सेल्फचा भार असताना बॅटरी १०.६ वर टिकून होती. भाराखाली ९.६ च्या खाली गेली तर संशय घ्यायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे बॅटरी निर्दोष होती! आधीची पण बहुतेक निर्दोष होती, आणि तिच्याही आधीची. शिक्षा तिघींना झाली.

गुन्हेगार निगेटिव्ह बाजूला होता. चांगल्या गाडीत तिकडे दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त जायला नको. मग त्या १.९ चे तुकडे केले:

बॅटरी निगेटिव्ह ते केबलचा लग: ०.१
लग ते बॉडीचा उघडा पत्रा: १.६
बॉडी ते इंजिन ब्लॉक: ०.२

लग बोल्टने घट्ट आवळलेला होता, हलवून हलत नव्हता. मिस्त्रींनी बोल्ट सोडला आणि आम्ही तिघेही बघत राहिलो. लगच्या खाली पांढराशुभ्र, चकचकीत, नवा रंग! पेंटिंगवाल्याने मन लावून काम केलं होतं, अर्थची जागा सुद्धा सोडली नव्हती. रंग म्हणजे इन्सुलेशन. सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता, आणि पावसाळ्यात त्या आट्यांवर गंज चढला होता.

२०० अँपिअर आणि १.६ व्होल्ट म्हणजे ३२० वॉट. आपल्या लॅबमधलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं. म्हणजे एका बोल्टवर बारा-तेरा आयर्न एकदम टेकवल्यासारखं! हॉस्टेलवर चोरून कॉइल लावणाऱ्यांना याचा अनुभव आहेच, पाणी तापायच्या आधी ढिलं सॉकेट काळं पडतं. (रेक्टर सर, हे ऐकीव आहे.)

आता यादी परत वाचा. सेल्फला ८.४ व्होल्ट मिळाले तर तो कुंथणारच. बॉडीला अर्थ केलेल्या एबीएस वगैरे युनिटांना त्या क्षणी जेमतेम ९ व्होल्ट मिळत होते, म्हणून ती रिसेट होत होती आणि दिवे लुकलुकत होते. घड्याळ शून्यावर जाण्याचं कारण तेच. हेडलाइट आणि इंडिकेटर दोघांचा परतीचा रस्ता एकाच खराब सांध्यातून, म्हणून एक लागला की दुसरा मंद. चार तक्रारी, एक बोल्ट.

रंग खरवडला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, लग घासला, आवळला आणि वरून ग्रीस लावलं. इंजिनची अर्थ पट्टी पण तशीच साफ केली. परत मोजलं तर निगेटिव्ह बाजूचे १.९ होते ते ०.२५ झाले. डिझेल सोडलं, मामांनी चावी फिरवली, गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू. मामा काही बोलले नाहीत, फक्त दोनदा बंद करून परत चालू केली.

फ्यूजची गोष्ट

राहिली पाचवी तक्रार. मामांनी जास्त उजेडासाठी साध्या ६०/५५ वॉटच्या बल्बऐवजी १००/९० चे बल्ब टाकले होते. त्यासाठी बाहेरून रिले आणि वेगळी वायर, दोन्ही दिव्यांना मिळून एकच फ्यूज. दोन अप्पर मिळून आधी १२० वॉट म्हणजे १० अँपिअर, आता २०० वॉट म्हणजे जवळपास १७. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे पावणेतीन पट. तार मात्र हलकीच.

त्यात ही वायर पुढच्या पत्र्याच्या भोकातून गेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट असतं, ते पेंटिंगच्या वेळी निघालं आणि परत बसवलंच नाही. पत्र्याच्या धारेवर वायर चार महिने घासत होती. इन्सुलेशन सुटून तांबं दिसत होतं. गतिरोधक, खड्डे, घाटातली वळणं, कुठेही धक्का बसला की तांबं पत्र्याला टेकायचं आणि फ्यूज उडायचा. फ्यूज बरोबर होता! तो ओरडून सांगत होता, आणि आम्ही त्याच्या तोंडात तांबं कोंबलं.

मित्रांनो, फ्यूज बल्बला वाचवण्यासाठी नसतो, तारेला वाचवण्यासाठी असतो. जाड तार बसवली की सर्किटमधला सगळ्यात कमजोर दुवा ती पातळ वायरच होते, आणि ती जळते ती इतर वायरींच्या जुडग्यात, डिझेलच्या पाइपशेजारी. आम्ही टेप सोडली तर आतलं इन्सुलेशन काही इंच तपकिरी होऊन कडक पडलेलं होतं. त्या गाडीत रोज सहा-सात माणसं बसत होती. मामा बराच वेळ ती वायर हातात धरून बसले. मग म्हणाले, "आरं, पोरं होती रे त्या दिवशी गाडीत."

जुने बल्ब परत बसवले, नवी योग्य जाडीची वायर, ग्रोमेट आणि योग्य आकड्याचा फ्यूज.

हे फक्त जुन्या गाड्यांचं आहे का?

मुळीच नाही. चाकणला बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही७०० ही मोठी, आधुनिक गाडी. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या १,०८,३०६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारण काय? इंजिनच्या भागात वायरिंग लूम ज्या मार्गाने नेलं आहे तिथे ते घासून कापलं जाण्याची शक्यता. तपासणी आणि दुरुस्ती मोफत. म्हणजे मामांच्या गाडीत ग्रोमेटवाचून जे झालं, त्याच जातीचा प्रश्न कारखान्यातही येऊ शकतो. फरक एवढाच की तिथे तो वेळेवर शोधून जाहीर केला गेला. आपल्या ओळखीत कुणाची अशी गाडी असेल तर चेसिस नंबरवरून तपासणी झाली का ते जरूर विचारायला सांगा.

एके काळी आपल्या भागात जीप आणि १९९४ साली आलेली सुमो होती, त्यांचं वायरिंग एका कागदावर काढता यायचं. आता एका गाडीत डझनावारी कंट्रोल युनिट असतात आणि ती कॅन बसच्या दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये पहिल्यांदा मांडली. वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचं एकमेकांशी पटतं की नाही हे तपासणं हा आता स्वतंत्र विषय आहे, आणि नॅट्रिप या केंद्र सरकारच्या योजनेत ईएमसी आणि फोटोमेट्रीच्या केंद्रासाठी आपल्या नगरच्या व्हीआरडीईची निवड झाली होती. आपल्या जिल्ह्यात बसून आपण नुसता बॅटरीलाच दोष द्यावा, हे बरं नाही.

नव्या गाड्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, उभ्या गाडीतली गळती. गाडी लॉक केल्यावर युनिट हळूहळू 'झोपतात', त्याला काही मिनिटं ते अर्धा तास लागतो. झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट असावा. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ६० अँपिअर-अवरची बॅटरी आठवडे टिकते. पण बाहेरून लावलेला कॅमेरा, ट्रॅकर किंवा ॲम्प्लिफायर अर्धा अँपिअर खात राहिला तर दिवसाला १२ जातात आणि तिसऱ्या दिवशी गाडी ढकलावी लागते. मोजताना दार उघडलंत तर सगळी युनिट जागी होतात आणि आकडा चुकतो. आणि मीटर अँपिअरवर सिरीजमध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. (काकांना विचारा, किती बदलले ते.)

दुसरी, इंजिन चालू असताना बॅटरीचा लग काढून "डायनमो चार्ज करतो का" बघायची जुनी सवय. भार एकदम तुटला की आल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं. याला लोड डंप म्हणतात. जुन्या जीपला हे खपायचं, आजच्या गाडीत महागडी युनिट जाऊ शकतात. चार्जिंग बघायचं तर बॅटरीवर मीटर लावा, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं की झालं.

थोडक्यात क्रम

१. आधी विचारा: कधीपासून? त्याच्या आधी गाडीला कुणी हात लावला?
२. बॅटरी: गाडी बंद असताना आणि सेल्फ मारताना.
३. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही बाजूंचा ड्रॉप, भार चालू असताना. निगेटिव्ह विसरू नका.
४. चार्जिंग व्होल्टेज.
५. उभ्या गाडीतला करंट, युनिट झोपल्यावर.
६. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज नको, घासलेली तार शोधा.
७. पार्ट बदलणं सगळ्यात शेवटी.

या सगळ्याला एक साधा मीटर, एक वही आणि एक दुपार लागली. खर्च पॉलिश पेपर, ग्रीस, वायर, ग्रोमेट आणि फ्यूज यांचा. मामांनी आधी बदललेल्या सामानाचे पैसे मात्र दोन हप्त्यांच्या वर गेले होते.

सुट्टी संपवून निघालो तेव्हा मामांनीच पहाटे मला कॉलेजला सोडलं. गेटवर उतरताना म्हणाले, "तुमच्या कॉलेजात हेच शिकवतात व्हय? मग फी वसूल म्हणायची." मी काही बोललो नाही. शिकवलं होतं पहिल्याच वर्षाला. मला कळलं शेवटच्या वर्षाला, एका बोल्टखाली.